ज्वारीचा चोथा आणि आतड्यातील जंतू

बैलास कडबा घातला असता तो त्यावर दिवसभर नांगर ओढतो, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. परंतु कडब्यातील तंतू पचविण्याची शक्ती खुद्द बैलाच्या अंगी नाही. त्याच्या मोठ्या पोटात वास करणारे असंख्य सूक्ष्म जंतू तो कडबा आंबवितात, त्यापासून काही आम्ले तयार होतात आणि त्या आम्लांवर बैलाचे पोषण होते. याच प्रकारचे काम, लहान प्रमाणावर का होईना, माणसाच्याही शरीरात चालू असते. आपल्या रोजच्या जेवणाशी आणि पेरणीशी त्याचा निकटचा संबंध असल्यामुळे ते समजून घेणे अगत्याचे आहे.

चोथा म्हणजे काय?

धान्याचा कोंडा, डाळींची टरफले, पालेभाज्यांचे देठ व फळांचा गर यांत असा काही अंश असतो की, जो आपल्या जठरात व लहान आतड्यात पचत नाही. यालाच चोथा किंवा तंतुमय अंश म्हणतात. तो पचत नाही म्हणून निरुपयोगी होय, अशी समजूत पूर्वी होती. ती बरोबर नाही. चोथ्याचे दोन प्रकार आहेत. एक पाण्यात न विरघळणारा. हा मलास आकार व मऊपणा आणतो आणि मलावरोध होऊ देत नाही. दुसरा पाण्यात विरघळणारा व चिकट होणारा. हा मोठ्या आतड्यात पोहोचला म्हणजे तेथील जंतूंचे उत्तम खाद्य बनतो.

मोठ्या आतड्यातील कामकरी

एका माणसाच्या शरीरातील जंतूंची संख्या सुमारे ३८ लक्ष कोटी, म्हणजे शरीरातील पेशींच्या संख्येच्या जवळपास असावी, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. यांपैकी बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. जंतू म्हटले की रोगच, असे मानू नये. यांतील बरेचसे आपले कामकरी आहेत. चोथा आंबवून ते तीन प्रकारची आम्ले तयार करतात : ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. यांपैकी ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन होय. ते पुरेसे मिळाले म्हणजे अस्तर बळकट राहते व आतड्याची सूज कमी होण्यास मदत होते. शिवाय या आम्लांमुळे आतड्यात थोडा आंबटपणा राहतो व काही अपायकारक जंतूंना तेथे वाढणे कठीण जाते.

हे कामकरी उपाशी राहिले तर काय होते? सन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या आतड्यात माणसाच्या आतड्यातील जंतू सोडून त्या उंदरांना चोथा नसलेले अन्न देण्यात आले. तेव्हा त्या जंतूंनी आतड्यावरील चिकट संरक्षक थरच खाण्यास प्रारंभ केला. थर पातळ झाला आणि रोगजंतूंचा मार्ग मोकळा झाला. सन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग माणसांवरील आहे. अमेरिकेतील २० आफ्रिकी वंशाच्या लोकांना दक्षिण आफ्रिकेतील खेड्यांतल्यासारखा भरपूर चोथ्याचा आहार आणि खेड्यांतील २० लोकांना अमेरिकी पद्धतीचा आहार दोन आठवडे देण्यात आला. तेवढ्या अवधीतही भरपूर चोथा खाणाऱ्यांच्या आतड्यात ब्युटिरिक आम्ल वाढले व अस्तराची सूज कमी झाली. दुसऱ्या गटात नेमके उलट घडले.

आपल्या ताटाचा हिशेब

जिवती तालुका माणिकगडच्या पहाडावर, तेलंगणाच्या सीमेस लागून वसला आहे. कोलाम व गोंड बांधव, बंजारा समाज आणि मराठवाड्यातून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे येथे राहतात. या सर्वांच्या ताटात ज्वारीची भाकर, कण्या व आंबील हे जुने अन्न होय. आता वावरांतून कपाशी वाढली, ज्वारी मागे पडली आणि ताटात भात आला.

राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद यांनी सन २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार दर १०० ग्रॅम कच्च्या धान्यात चोथ्याचे प्रमाण सुमारे पुढीलप्रमाणे आहे :

पॉलिश केलेला तांदूळ : २.८ ग्रॅम
मैदा : २.८ ग्रॅम
ज्वारी : १०.२ ग्रॅम
गव्हाची कणीक : ११.४ ग्रॅम
तुरीची डाळ : ९.१ ग्रॅम
अख्खी तूर : २२.८ ग्रॅम
अख्खा हरभरा : २५.२ ग्रॅम

प्रौढ माणसास दररोज निदान २५ ग्रॅम चोथा मिळावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची सन २०२३ ची शिफारस आहे. कष्टकरी माणूस दिवसाकाठी ४०० ग्रॅम धान्य खातो असे धरू. ते सर्व तांदूळ असेल तर त्यापासून सुमारे ११ ग्रॅम चोथा मिळेल; ज्वारी असेल तर सुमारे ४१ ग्रॅम. पोट दोन्हींनी भरते, परंतु आतड्यातील कामकऱ्यांच्या वाट्यास येणारी शिदोरी पाऊणपट घटते.

याचा अर्थ शिधावाटप दुकानातील धान्य घेऊ नये, असा नव्हे. अंत्योदय शिधापत्रिकेवर कुटुंबास दरमहा मिळणारे ३५ किलो धान्य हा गरिबाचा मोठा आधार आहे. त्यास जोड देणे एवढेच आपले काम. गहू मिळाल्यास पीठ न चाळता वापरावे; कोंडा गुरांना व सपीठ माणसांना, ही वाटणी तोट्याची आहे. भाताबरोबर वरण पातळ न करता घट्ट करावे. बरबटी, हरभरा व तूर अधूनमधून टरफलासह उसळ करून खावी. पावसाळ्यात तरोटा, वास्ते, शेवग्याचा पाला या रानभाज्या ताटात असाव्यात. शिजवून थंड झालेल्या अन्नातील स्टार्चचा काही भाग चोथ्याप्रमाणेच न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतो. म्हणून सकाळची भाकर संध्याकाळी खाण्यात कमीपणा नाही. मात्र ती झाकलेली असावी व बुरसलेली नसावी. आंबील शिजविताना ती आंबविणारे जंतू मरतात. पण पिठातील चोथा कायम राहतो.

घरच्या पुरता ज्वारीचा पट्टा

कपाशी हे पैशाचे पीक आहे. ते सोडा, असे कोणी सांगणार नाही. परंतु वावराचा एक भाग ज्वारीस द्यावा व मध्ये तुरीच्या ओळी घ्याव्यात. माणसास भाकर व डाळ, बैलास कडबा आणि चुनी, असा चौघांचा निर्वाह त्यावर होतो. पाखरे व रानडुकरे यांच्या उपद्रवामुळे अनेकांनी ज्वारी सोडली, ही अडचण खरी आहे. एकट्या वावरातील ज्वारीवर सारा थवा उतरतो. यास्तव शेजारच्या चारपाच शेतकऱ्यांनी आपापले पट्टे लागून पेरावेत व राखण पाळीपाळीने करावी.

सावधगिरी

बैलाचा चारा एकाएकी बदलला तर पोट फुगते. माणसाचेही तसेच आहे. भात खाणाऱ्याने प्रथम एका वेळी अर्धी भाकर घ्यावी व दोनतीन आठवड्यांत प्रमाण वाढवावे. चोथ्यास पाणी लागते. पहाडावर उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते. तरीही पिण्याच्या पाण्यात काटकसर करू नये, नाही तर मलावरोध उलट वाढतो. लहान मुलांचे पोट लहान असते. त्यांस नुसत्या चोथ्याने भरू नये. मऊ भाकरीसोबत वरण, तेल, अंडे असे सकस अन्न द्यावे.

चोथा हे दूषित पाण्यावरील औषध नव्हे. पाणी उकळून प्यावे. हगवण लागल्यास जलसंजीवनी द्यावी. शौचावाटे रक्त पडणे, वजन घटणे किंवा जुलाब न थांबणे अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता आरोग्य केंद्र गाठावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्तीस सोबत घेऊन पेरणीपूर्वीच्या सभेत वरील तक्ता वाचून दाखवावा. वर्षभराच्या भाकरीस किती ज्वारी लागते, याचा हिशेब घरच्या बाईस तोंडपाठ असतो. तो तिलाच सभेत मांडू द्यावा आणि त्यावरून प्रत्येक घरी पट्टा किती ठेवावयाचा, हे पेरणीपूर्वीच ठरवावे.