‘प्रतिसाद नाही’ लिहिण्याआधी

फील्डवर पहिल्यांदा जाल तेव्हा निरीक्षण-तक्त्यातला एक रकाना फार पटकन भरला जाईल: ‘प्रतिसाद नाही’. माझंही तेच झालं. तीव्र सेरेब्रल पाल्सी असलेला चार वर्षांचा मुलगा झोळीत होता. झोका थांबवायचा आणि तो काय करतो ते बघायचं, एवढंच काम. पाच सेकंद थांबून मी फुली मारली. त्याची आई म्हणाली, “मॅडम, थांबा की जरा.” थोड्या वेळानं त्याचा डावा पाय हलला. “अजून हवंय त्याला.”

आता हे तसंच लिहून घ्यायचं का?

एलिझाबेथ बेट्स आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडलं, की बाळ आधी नुसतं रडतं-हलतं आणि अर्थ मोठी माणसं लावतात. पुढे ते मुद्दाम खुणा करतं आणि मग शब्द येतात. चॅरिटी रोलंड यांच्या ‘कम्युनिकेशन मॅट्रिक्स’मध्ये संवादाच्या सात पातळ्या आहेत. पहिल्या चारांत शब्द लागतच नाहीत. तरीही मूल नकार देतं, मागतं, माणसं जवळ बोलावतं.

खूण मुद्दाम केलेली आहे हे कसं ओळखाल? मूल वस्तूकडे आणि माणसाकडे आळीपाळीनं बघतं, दाद मिळाली नाही तर पुन्हा करतं किंवा खूण बदलतं. पण ज्याला नजर वळवता येत नाही, त्याला नजरेची कसोटी लावून नापास करू नका.

उलटी चूकही होते. ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’मध्ये मदतनीस मुलाचा हात धरून अक्षरं टाइप करायला मदत करत. १९९० च्या दशकातल्या चाचण्यांत दोघांना वेगवेगळी चित्रं दाखवली, तेव्हा उत्तरं मदतनिसानं पाहिलेल्या चित्राची आली. मुलाच्या तोंडी आपलेच शब्द!

म्हणून आईचं म्हणणं हे गृहीतक समजा आणि तपासा. झोका काही वेळा थांबवा, काही वेळा चालू ठेवा, क्रम मिसळा. दोन्हीकडे सारखाच वेळ पाय मोजा. व्हिडिओ दुसऱ्या कुणाला, आईचा अर्थ न सांगता, मोजायला द्या.

आम्ही तसं केलं. झोका थांबल्यावर पाय हलायचा, चालू असताना क्वचितच. मी माझी फुली खोडली, पण रबरानं नाही. एक रेघ मारून शेजारी तारीख घातली.

तुमच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: ‘मी किती सेकंद थांबलो/थांबले’. त्या एका फुलीवरून ‘याला काही कळत नाही’ असं ठरतं आणि मग त्याला कुणी काही विचारतच नाही.