घरी बसून नोकरी आणि एकटेपणा

मार्च २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-बंगळुरूची पुष्कळ मुले संगणक घेऊन गावी परतली. काहींची नोकरी अजून घरूनच चालते. ती माझ्याकडे येतात ती आम्लपित्त, डोकेदुखी, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन. तपासण्या बहुधा ठीक निघतात. मग विचारतो, "कामाखेरीज बरोबरच्या माणसाशी शेवटचे कधी बोललात?" उत्तर पटकन येत नाही.

घर भरलेले असताना एकटेपणा कसला, असे वडीलधारी म्हणतात. पण कामातली अडचण, साहेबांची बोलणी आईला सांगून कळत नाहीत. ती शेजारच्या टेबलावरच्यालाच कळतात. कचेरीत हे बोलणे चहाच्या टपरीवर आपोआप होई. फोनवरच्या मीटिंगा म्हणजे गप्पा नव्हेत. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांच्या २०२३ च्या अहवालात, माणसांशी संबंध तुटलेल्यांना हृदयविकाराचा धोका २९ टक्के, तर पक्षाघाताचा ३२ टक्के अधिक सांगितला आहे.

तेव्हा रोज एका सहकाऱ्याला कामाविना फोन करावा, शक्यतो चालता चालता. नव्याने लागलेल्याची जुन्याने आपणहून चौकशी करावी. तो बिचारा विचारायला लाजतो. साहेबांनी दोन-तीन महिन्यांतून सर्वांना एकत्र जेवायला बोलवावे. (सक्तीचे ऑनलाइन खेळ नकोत, त्याने डोकेदुखीच वाढते!)

उदासपणा दोन आठवडे टिकला तर डॉक्टरांना दाखवावे. जीव नकोसा वाटल्यास मात्र एक दिवसही थांबू नये. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते.