जुना फ्रिज काढताना : वास नसलेल्या गॅसची काळजी

सणासुदीला नवा फ्रिज घरात येतो आणि जुना भंगारात जातो. सौदा ठरला की भंगारवाला फ्रिजची पाठ वळवतो, पक्कडीने तांब्याची नळी कापतो, क्षणभर ‘फुस्स’ असा आवाज होतो आणि कॉम्प्रेसर मोकळा होतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या फ्रिजमधून बाहेर पडणारा हा गॅस पेट घेत नसे. आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजमधला गॅस मात्र पेट घेतो.

हा बदल विचारपूर्वक झालेला आहे. पूर्वीचा ‘आर-१२’ हा वायू जळत नसे आणि विषारीही नव्हता. पण त्यातले क्लोरीन ओझोनच्या थराला घातक ठरले. म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. त्याच्या जागी आलेला ‘आर-१३४ए’ ओझोनला निर्धोक होता, पण पृथ्वी तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट. मग पुढे आला ‘आर-६००ए’, म्हणजे आयसोब्युटेन. १९९३मध्ये जर्मनीत या वायूवर चालणाऱ्या घरगुती फ्रिजचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. ओझोनला त्याचा धोका नाही, तापमानवाढीतला वाटा नगण्य आणि वीजही कमी लागते. दोष एकच. तो स्वयंपाकाच्या गॅसच्या कुळातला आहे.

घाबरून जाण्याइतका तो फ्रिजमध्ये नसतो. घरच्या फ्रिजमध्ये साधारण ३० ते ८० ग्रॅम आयसोब्युटेन असतो; स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. यंत्रणा बंदिस्त असेपर्यंत काळजीचे कारण नाही. पण हवेत या वायूचे प्रमाण १.८ टक्के झाले, तरी ठिणगीने ते मिश्रण पेटू शकते. त्या हिशेबाने ६० ग्रॅम वायू सुमारे दीड घनमीटर, म्हणजे एका मोठ्या कपाटाएवढी हवा ज्वालाग्राही करू शकतो. मोठ्या, हवेशीर खोलीत तो लगेच विरून जातो. बंद स्वयंपाकघरात मात्र तो कोपऱ्यात साचतो. हवेपेक्षा दुप्पट जड असल्याने तो जमिनीलगत पसरतो. त्यातच सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला उग्र वास यात नसतो. त्यामुळे गळती झाली तरी नाकाला पत्ता लागत नाही.

म्हणून तो बाहेर काढण्याची रीतही वेगळी आहे. जाणकार तंत्रज्ञ आधी फ्रिजचा प्लग काढतो आणि शक्यतो फ्रिज मोकळ्या जागी नेतो. आसपास शेगडी, उदबत्ती, विडी-सिगारेट काही चालू ठेवत नाही. नळी कापण्याऐवजी तो तिच्यावर भोक पाडणारा खास व्हॉल्व्ह बसवतो आणि ज्वालाग्राही वायूसाठी बनवलेल्या मशीनने गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेतो. एवढ्यावर काम संपत नाही. कॉम्प्रेसरमधल्या तेलात बराच वायू विरघळलेला राहतो आणि नंतर हळूहळू बाहेर येतो. त्यासाठी व्हॅक्यूम पंप लावून, कोरडा नायट्रोजन फिरवून यंत्रणा साफ करावी लागते. त्यानंतरही नळी टॉर्चने न तापवता कटरने कापायची. ‘रिकामा’ समजून कॉम्प्रेसरवर गॅस कटर किंवा ग्राइंडर चालवला, तर तेलातून सुटलेला वायू पेटू शकतो.

एसीचे गणित थोडे निराळे आहे. नव्या एसीमध्ये बहुधा ‘आर-३२’ असतो, काहींमध्ये ‘आर-२९०’ म्हणजे प्रोपेन. आर-३२ सहजी पेटत नाही, पण पेटतो. प्रोपेन चटकन पेटतो. दोन्हींचे प्रमाण फ्रिजपेक्षा जास्त, शेकडो ग्रॅममध्ये असते आणि दाबही अधिक. शिवाय आर-३२ किंवा जुन्या एसीतला ‘आर-२२’ ज्योतीच्या संपर्कात आला, तर त्यातून हायड्रोजन फ्लोराइडसारखे घातक वायू तयार होतात. हे दोन्ही वायू पृथ्वीही बरीच तापवतात. त्यामुळे ते हवेत सोडून न देता सिलिंडरमध्येच परत घ्यायला हवेत.

घरच्यांच्या हाती बरेच काही आहे. फ्रिजच्या पाठीवर, कॉम्प्रेसरजवळ किंवा आतल्या भिंतीवर एक पट्टी असते. तिच्यावर गॅसचे नाव आणि वजन लिहिलेले असते. पिवळ्या त्रिकोणात ज्योतीचे चित्र असेल, तर गॅस ज्वालाग्राही आहे. दुरुस्तीला आलेल्या माणसाला ही पट्टी आधी दाखवा आणि या गॅसचे काम त्याला येते का, ते विचारा. आर-६००एच्या फ्रिजमध्ये दुसराच गॅस भरून घेऊ नका.

फ्रीझरमधला बर्फ सुरीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडण्याची सवयही सोडा. त्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यातूनच गॅस फिरत असतो. पत्र्याला भोक पडलेच, तर शेगडी विझवा, दारे-खिडक्या उघडा, कोणत्याही बटणाला किंवा प्लगला हात न लावता बाहेर या. मेन स्विच स्वयंपाकघराबाहेर असेल, तर तेथून वीज बंद करा.

फ्रिज टाकून देताना तो अखंड द्या. घरात, जिन्यात किंवा सोसायटीच्या आवारात कोणाला नळी कापू देऊ नका. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या फ्रिज-एसीच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि ते काम नोंदणीकृत केंद्रांतूनच व्हायला हवे. एक्स्चेंजमध्ये जुना फ्रिज देत असाल, तर तो पुढे कोणत्या केंद्रात जाणार, हे दुकानदाराला विचारा. भंगारवाल्याकडून कदाचित शे-दोनशे रुपये जास्त मिळतील. पण टॉर्च हाती घेऊन तो कॉम्प्रेसर उघडणाऱ्या कामगाराला आत काय आहे, हे बहुतेक वेळा कोणीच सांगितलेले नसते.