वऱ्हाड की वर्हाड? कॉम्प्युटरला हा 'र' का जमत नाही?

यवतमाळ जिल्हा ज्या भागात येतो त्याचं नाव वऱ्हाड. पण इंटरनेटवर हाच शब्द शोधायला गेलात तर बऱ्याच ठिकाणी 'वर्हाड' असा, 'ह'च्या डोक्यावर रफार घेऊन भेटतो. मराठी माणूस हातानं लिहिताना ही चूक सहसा करत नाही, मग स्क्रीनवर ती येते कुठून? उत्तरासाठी थोडं मागे, टीव्हीला जोडायच्या कॉम्प्युटरच्या काळात जावं लागतं.

आकडा एकच, चित्रं अनेक

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर, हे ठरवणारा तक्ता म्हणजे एन्कोडिंग. अमेरिकेत 1963 मध्ये आलेल्या 'आस्की' तक्त्यात 128 जागा होत्या आणि त्या इंग्रजी अक्षरं, अंक, चिन्हं यांतच संपल्या. पुढच्या 128 जागांचं काय करायचं, हे ज्यानं त्यानं आपापलं ठरवलं. घरगुती कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी तिथे बहुतेक ठोकळे भरले.

1982 च्या झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये 128 ते 143 हे आकडे अशा ठोकळ्यांसाठी होते. अक्षराच्या चौकोनाचे चार भाग करायचे, प्रत्येक भाग काळा किंवा पांढरा. अशा 16 आकृत्या होतात, बरोबर 16 आकडे. मेमरी इतकी महाग होती की अख्खं चित्र साठवण्यापेक्षा हे ठोकळे जुळवून भिंती, रस्ते, राक्षस उभे करणं परवडायचं.

भारतात 1984 मध्ये शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू झाला आणि बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश कॉम्प्युटर इथल्या शाळांत पोचला. त्याची युक्ती आणखी मजेशीर होती. आकडा 111 म्हणजे इंग्रजी छोटा 'ओ'. पण त्या ओळीत आधी एक खास आकडा टाकला की पुढच्या 111 चा ठोकळा व्हायचा: सहा खान्यांचा चौकोन, खालचा डावा खाना सोडून बाकी पाच पेटलेले. मेमरीत 111 च, बदललं ते फक्त चित्र.

हे लक्षात ठेवा, कारण मराठीचंही पुढे हेच झालं.

आठ ओळींत 'व' मावतो, वेलांटी नाही

स्पेक्ट्रमवर स्वतःची अक्षरं काढायची सोय होती, पण फक्त 21. प्रत्येक अक्षराला आठ बाय आठ ठिपक्यांचा चौकोन, म्हणजे आठ आकडे. 255, 2, 62, 66, 66, 62, 2, 2 हे आकडे दिले की शिरोरेषेसकट ओळखू येईल असा 'व' तयार होतो. चौकोनी वहीवर काढून बघा.

पण शिरोरेषाच पहिल्या ओळीत गेली. आता वेलांटी, मात्रा, रफार कुठे बसवणार? खाली उकाराला जागा कुठे? आणि 21 जागांत तर नुसती व्यंजनंही मावत नाहीत, जोडाक्षरं तर लांबच. एका आकड्याला एक चौकोन हा हिशेब इंग्रजीला पुरतो. मराठी अक्षर वर, खाली आणि शेजाऱ्यात घुसतं.

यातून दोन वाटा निघाल्या. पहिली जुगाडाची. छापखाने आणि डीटीपीच्या दुकानांत चाललेल्या कृतिदेव फॉन्टमध्ये आकडे इंग्रजीचेच राहिले, चित्रं तेवढी देवनागरी झाली. तिथे 111 म्हणजे 'व'. म्हणून कृतिदेवमधली फाइल तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की 'यवतमाळ'ची सुरुवात अर्धविराम, ओ, आर अशी दिसते. फाइल खराब झालेली नसते, तिच्यात मराठी कधी नव्हतंच.

दुसरी वाट आवाजाची. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकनं वाढवलेलं जिस्ट तंत्रज्ञान, आणि त्याच प्रवाहातलं 'इस्की' हे 1991 चं भारतीय मानक. इथे आकार नव्हे, उच्चार साठवायचा. 'आर्णी' म्हणजे आ, र, हलन्त, ण, दीर्घ ई. रफार कुठे चढवायचा ते दाखवणारा प्रोग्राम बघेल. 1991 मध्येच आलेल्या युनिकोडनं देवनागरीसाठी हीच मांडणी उचलली.

तरीही 'वऱ्हाड' अडतो

नियम असा झाला की र, हलन्त आणि व्यंजन आलं की रफार चढवा. आर्णीला ठीक. पण वऱ्हाडात रफार नको, पापणीसारखा आडवा अर्धा 'र' हवा. हा मराठीचा हट्ट हिंदीला नाही. त्यासाठी युनिकोडनं टिंबवाला 'ऱ' आणि हलन्त ही जोडी ठरवली. जुन्या आवृत्तीशी जुळावं म्हणून दुसरा मार्गही चालू ठेवला: साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह.

दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. पण पहिल्या वऱ्हाडात सहा आकडे आहेत, दुसऱ्यात सात. साध्या जुळणीवर चालणारा सर्च त्यांना वेगळे शब्द मानतो. आणि एखाद्या प्रोग्रामनं मजकूर 'स्वच्छ' करताना ते अदृश्य चिन्ह काढून टाकलं तर उरतो र, हलन्त, ह. म्हणजे 'वर्हाड'! काही वेळा टाइप करणाऱ्यानंच साधा 'र' दाबलेला असतो, परिणाम तोच.

गावाच्या नावापुरतं हे गमतीचं आहे. पण आडनाव वऱ्हाडे किंवा गोऱ्हे असेल, एका यादीत ते एका पद्धतीनं आणि दुसऱ्या यादीत दुसऱ्या पद्धतीनं भरलेलं असेल, तर कॉम्प्युटर 'नाव जुळत नाही' म्हणू शकतो. समोरच्या कागदावर दोन्ही नावं हुबेहूब सारखी असतात, त्यामुळे खिडकीपलीकडच्या माणसालाही चूक दाखवता येत नाही.

गंमत म्हणजे ते जुने ठोकळेही वाया गेले नाहीत. 2020 च्या युनिकोड 13 मध्ये सहा खान्यांच्या 60 आकृत्यांना कायमचे आकडे मिळाले. आता एकाच फाइलमध्ये बीबीसी मायक्रोचा ठोकळा आणि वऱ्हाडाचा 'व' शेजारी बसू शकतात, दोघांचे आकडे वेगळे.

इनस्क्रिप्ट कीबोर्डवर 'ऱ्ह' हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग शिफ्ट सोडून डी आणि यू. आणि यादीत नाव सापडलं नाही, तर रफार घालूनही एकदा शोधून बघा.