ब्रॉडबँडचा वेग नेमका कुठे अडतो?

पावसाळा सुरू झाला की दूरध्वनीच्या तारेवरून येणारे ब्रॉडबँड अनेक घरांत रेंगाळू लागते. साधे संकेतस्थळ उघडायला मिनिटभर लागते, मुलांचा ऑनलाइन तास मध्येच तुटतो, परीक्षेचा अर्ज शेवटच्या पानावर येऊन थबकतो. तक्रार केली तर 'आमच्याकडून लाइन व्यवस्थित आहे' असे उत्तर मिळते आणि ग्राहकापाशी ते खोडून काढण्यासाठी काहीच पुरावा नसतो. बिल मात्र दरमहा पूर्ण भरावे लागते. वास्तविक, दोष तीनच ठिकाणी असू शकतो: घरातील जोडणीत, घरापासून एक्स्चेंजपर्यंतच्या तारेत किंवा एक्स्चेंजच्या पलीकडच्या जाळ्यात. यापैकी तो कुठे आहे, हे सामान्य ग्राहकालाही थोडा वेळ खर्चून ठरवता येते.

एक तार, दोन कामे

देशात ही सेवा जानेवारी २००५ पासून मोठ्या प्रमाणावर मिळू लागली. २००४ च्या धोरणानुसार तेव्हा सेकंदाला २५६ किलोबिट वेगाच्या जोडणीस ब्रॉडबँड म्हटले जाई. ही मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली. अपेक्षा वाढत गेल्या, मात्र जिथे फायबर पोहोचले नाही तिथे तार तीच राहिली: केवळ संभाषणासाठी टाकलेली तांब्याची जोडी.

संभाषणाला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ इतकाच कंपनांचा पट्टा पुरतो. ब्रॉडबँड त्याच्या वरचा पट्टा वापरते. 'एडीएसएल टू प्लस' या पद्धतीत तो सुमारे २२ लाख हर्ट्झपर्यंत जातो. मॉडेम या पट्ट्याचे शेकडो अरुंद भाग पाडतो, प्रत्येक भागातील गोंगाट तपासतो आणि ज्या भागाला जेवढी माहिती पेलवेल तेवढीच त्यावर चढवतो. तार जितकी लांब, तितके वरचे भाग क्षीण होतात. त्यामुळे सेकंदाला २४ मेगाबिटचा कागदोपत्री वेग एक्स्चेंजच्या अगदी जवळच्या घरांपुरताच असतो. चार-पाच किलोमीटरवर जेमतेम एक-दोन मेगाबिट मिळणे हा बिघाड नव्हे, ती त्या तारेची मर्यादा असते.

आधी मोजमाप नीट हवे

अनेक तक्रारी मुळात एककांच्या गल्लतीतून जन्मतात. कंपनी वेग 'बिट'मध्ये सांगते, तर संगणक फाइल उतरवताना तो बहुधा 'बाइट'मध्ये दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे ८ मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला एक मेगाबाइटपेक्षा थोडे कमीच मिळणार, कारण दहा-पंधरा टक्के क्षमता माहितीच्या पाकिटांवरील पत्ते आणि वेष्टन यांतच खर्च होते.

वेग मोजताना वायफाय टाळावे. संगणक केबलने थेट मॉडेमला जोडावा आणि घरातील इतर उपकरणे बंद ठेवावीत. मोबाइलमधील छायाचित्रे किंवा कॅमेऱ्याचे चित्रण गुपचूप वर चढत असेल, तर उतरवण्याचा वेगही ढासळतो. माहिती पोहोचल्याच्या पोचपावत्या याच चढत्या वाटेने परत जातात आणि ती अरुंद वाट तुंबलेली असते. केबलवर वेग चांगला आणि वायफायवर कमी आढळला, तर तारेचा काहीच दोष नाही. मॉडेम भिंतीपासून, लोखंडी कपाटापासून आणि मायक्रोवेव्हपासून दूर, उंचावर ठेवल्याने बराच फरक पडतो.

घरातील तपासणी

पहिली चाचणी कानाने करावी. दूरध्वनीचा रिसीव्हर उचलून कोणताही एक आकडा दाबला की डायल टोन थांबतो. त्या शांततेत खरखर, कडकड किंवा घुमणारा आवाज आला, तर तारेत गोंगाट आहे असे समजावे.

त्यानंतर स्प्लिटर पाहावा. ही छोटी डबी संभाषण आणि ब्रॉडबँड यांचे पट्टे वेगळे करते. घरातील प्रत्येक फोन, फॅक्स किंवा कॉलर आयडीचे यंत्र तिच्या फोनच्या बाजूलाच जोडलेले असावे. दुसऱ्या खोलीतील एखादा जुना फोन स्प्लिटरच्या आधीच मूळ तारेला समांतर जोडलेला असेल, तर तो एकटाच जोडणी वारंवार तोडू शकतो.

तिसरी चाचणी सर्वांत निर्णायक आहे. सर्व फोन आणि एक्स्टेन्शन काढून टाकावेत. तार घरात जिथे प्रथम येते, त्या रोझेट बॉक्सला आखूड वायरने केवळ मॉडेम जोडावा. वेग वाढला तर दोष घरातील वायरिंगमध्ये आहे. वापरात नसलेली, टोक मोकळे सोडलेली एक्स्टेन्शनची तारही संदेश परावर्तित करून नुकसान करते. ती नुसती गुंडाळून ठेवू नये, मुळापासून सोडवावी. मॉडेमपर्यंत लांब वायर लागणारच असेल, तर चपटी न घेता पीळ घातलेल्या जोडीची घ्यावी. पिळामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि त्यामुळे तो बाजूला काढता येतो. विजा चमकत असताना मात्र तारेला हात लावू नये. अशा वेळी मॉडेम आधीच तारेपासून आणि विजेपासून सोडवून ठेवणे उत्तम.

मॉडेमची साक्ष

मॉडेमच्या मागील पट्टीवर छापलेला पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत टाकला की मॉडेमचे स्वतःचे पान उघडते. तेथील 'स्टेटस' किंवा 'डीएसएल' या विभागात तीन आकडे पाहावेत. 'डाउनस्ट्रीम रेट' म्हणजे एक्स्चेंजशी जुळलेला वेग. 'अटेन्यूएशन' म्हणजे वाटेत झालेली संदेशाची घट. ती ३० डेसिबलच्या आत असल्यास तार उत्तम आणि ६० च्या पुढे असल्यास ती फार लांब किंवा खराब समजावी. 'एसएनआर मार्जिन' म्हणजे गोंगाटापासून उरलेले अंतर. ते १० च्या वर असावे. ६ च्या खाली गेले की जोडणी तुटू लागते.

या आकड्यांवरून निष्कर्ष काढता येतो. जुळलेला वेग चांगला, पण केबलवर मोजलेला वेग केवळ रात्री कमी, असे असेल तर तारेपलीकडच्या जाळ्यात गर्दी आहे. फक्त मॉडेम जोडूनही जुळलेला वेग कमी आणि मार्जिन खालावलेले, तर दोष बाहेरच्या तारेत आहे. पावसाळ्यात बिघडून उन्हाळ्यात सुधारणारी लाइन बहुधा ओल शिरलेल्या, गंजलेल्या सांध्याकडे बोट दाखवते. बाराही महिने मार्जिन ठीक, मात्र घट मोठी असेल, तर अंतर हेच कारण असते. तेथे नवा मॉडेम घेणे हा निव्वळ वाया खर्च ठरतो.

तक्रार आकड्यांसह करावी

तीन-चार दिवस सकाळ, दुपार आणि रात्रीचे हे आकडे तारखेसह वहीत टिपावेत. 'नेट स्लो आहे' या तक्रारीला काहीही उत्तर देता येते. 'फक्त मॉडेम जोडल्यावर मार्जिन ४ आहे आणि फोनवर खरखर ऐकू येते' या तक्रारीला तसे देता येत नाही. लाइनमन आल्यावर खांबावरील किंवा इमारतीतील डीपी बॉक्समधले सांधे तपासण्याची, आणि केबलमध्ये दुसरी जोडी मोकळी असल्यास लाइन तिच्यावर घेण्याची विनंती करावी. तक्रार क्रमांक न विसरता घ्यावा. २०१२ च्या नियमांनी आधी तक्रार केंद्र आणि तेथे समाधान न झाल्यास अपील प्राधिकरण, अशी दोन पायऱ्यांची व्यवस्था घालून दिली आहे. दुसऱ्या पायरीवर हा क्रमांक आणि वहीतील नोंदीच उपयोगी पडतात.

अंतराची मर्यादा मात्र कोणतीही तक्रार ओलांडू शकत नाही. परिसरात फायबर आले असेल, तर तेथे तोच खरा उपाय. ते येईपर्यंत जुन्या तारेकडून तिच्या वाट्याचा पूर्ण वेग मिळवणे, एवढे ग्राहकाच्या हाती निश्चितच आहे.