गिऱ्हाइकाच्या माहितीची ठेव

शाळा उघडण्यापूर्वीं पालक मुलास घेऊन गणवेशाच्या दुकानीं जातात. दुकानदार माप घेतो, पैसे घेतो, आणि शेवटीं विचारतो, "आपला मोबाइल नंबर? मुलाचें नांव, जन्मतारीख?" पालक तें सांगून मोकळे होतात. ही माहिती पुढें कोठें जाते, याचा विचार फार थोडे लोक करितात. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वीं दुकानदाराची वही गादीखालीं असे. ती पाहणारे दोघेच, तो आणि त्याचा मुनीम. आज बिल एका कंपनीच्या ॲपवर तयार होतें, संदेश दुसरीमार्फत जातात, आणि गिऱ्हाइकांची सारी यादी तिसरीच्या दूरच्या संगणकांत राहते. यांत गैर कांहीं नाहीं. हीं सर्व कामें एकट्यानें करणें लहान व्यापाऱ्यास परवडत नाहीं. परंतु उद्यां त्या यादीस पाय फुटले, तर जबाबदार कोण? "माझ्या हातून कांहीं झालें नाहीं, त्या कंपनीनें केलें," हें दुकानदाराचें उत्तर चालेल काय?

आपल्या देशाचा कायदा म्हणतो, चालणार नाहीं. खासगीपणा हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें दिला. पुढें २०२३ सालीं संसदेनें डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, व व्यवसायांवरील मुख्य बंधनें लागू होण्यास तेव्हांपासून अठरा महिन्यांची मुदत ठेविली गेली.

माहिती कशासाठीं व कशी वापरावयाची हें जो ठरवितो, त्यास या कायद्यांत 'डेटा फिड्यूशिअरी' म्हटलें आहे. फिड्यूशिअरी म्हणजे विश्वस्त. त्याच्या वतीनें ती माहिती हाताळणारी कंपनी ही 'डेटा प्रोसेसर'. विश्वस्तानें तिला काम रीतसर करार करूनच द्यावें. आणि करारांत कांहींही लिहिलें असलें, तरी कायदा पाळण्याची जबाबदारी विश्वस्ताचीच राहते. शेजाऱ्यानें आपल्यापाशीं ठेवलेला दागिना आपण तिसऱ्याकडे दिला व तो गहाळ झाला, तर शेजारी आपल्याच दारीं येणार. तसेंच हें आहे.

यांतून तीन कर्तव्यें निघतात. पहिलें, कामापुरतीच माहिती घ्यावी. कायद्यांतच एक उदाहरण दिलें आहे: फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपनें रोग्याच्या फोनांतील ओळखीच्यांचे नंबरही मागितले व त्यानें होकार दिला, तरी तो होकार उपचारास लागणाऱ्या माहितीपुरताच धरला जाईल. दुसरें, काम संपलें अथवा गिऱ्हाइकानें संमति काढून घेतली, म्हणजे माहिती पुसावी, आणि प्रोसेसरकडूनही पुसवून घ्यावी. मात्र दुसऱ्या एखाद्या कायद्यानें ती ठेवणें भाग असेल, तर गोष्ट वेगळी. तिसरें, माहिती फुटल्यास तें न लपवितां संबंधित गिऱ्हाइकांस व सरकारनें नेमावयाच्या मंडळास कळवावें. सुरक्षिततेची वाजवी तजवीज न करणाऱ्यास २५० कोटि रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.

मुलांविषयीं कायदा अधिक कडक आहे. अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठीं आई-वडिलांची, पडताळून पाहतां येईल अशी, संमति लागते. मुलांच्या वागणुकीवर पाळत ठेवणें व त्यांस उद्देशून जाहिराती सोडणें यांस, कांहीं अपवाद सोडल्यास, मनाई आहे.

परंतु कायदा पुस्तकांत राहून कोणाचें रक्षण करीत नाहीं. म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, पुढील खेपेस नंबर सांगण्यापूर्वीं, "हा कशासाठीं हवा?" एवढें सौम्यपणें विचारावें. गणवेश शिवण्यास माप लागतें, जन्मतारीख लागत नाहीं. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कित्येक उद्यां दुकानांच्या व कचेऱ्यांच्या गल्ल्यावर बसाल. तेव्हां समोरच्या माणसाचें नांव व नंबर ही आपली मालमत्ता नव्हे, ती त्यानें विश्वासानें ठेवलेली ठेव आहे, हें ध्यानांत असूं द्या. काम दुसऱ्यास सोंपवितां येतें. विश्वास सोंपवितां येत नाहीं.