दोन समुद्रांच्या मधोमध

मुंबईहून नागपूरमार्गे हावड्यास जाणाऱ्या लोहमार्गाची लांबी १९६८ किलोमीटर आहे. तिचा निम्मा भाग ९८४ होतो आणि तो बिंदू गोंदिया व आमगाव यांच्या दरम्यान कोठेतरी पडतो. म्हणजे खैरलांजीच्या ज्या मुलांना आम्ही शाळेत पश्चिमेचा अरबी समुद्र आणि पूर्वेचा बंगालचा उपसागर नकाशावर दाखवितो, ती दोन्ही समुद्रांपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर वाढत असतात. त्यांच्यापैकी बहुतेकांनी दोहोंपैकी एकही पाहिलेला नसतो, हा भाग वेगळा.

या खंडप्राय देशाचा एक तट सोडून दुसरा तट गाठण्याची सोय रेल्वेने प्रथम केली ती या वाटेने नव्हे. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता ही शहरे जोडली गेली ती जबलपूर व अलाहाबाद या मार्गाने. त्याच्या आदल्याच वर्षी, १० मे १८६९ रोजी, अमेरिकेत पूर्व-पश्चिम रूळ प्रॉमंटरी येथे एकमेकांना भिडले होते. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्नने आपल्या ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेत दोन्ही लोहमार्ग वापरले. मात्र हिंदुस्थानातील मार्ग त्याने मध्येच अपुरा ठेवून नायकाला हत्तीवर बसविले. कथा १८७२ सालात घडते आणि तोवर रूळ दोन वर्षांपूर्वीच जुळले होते. पण हत्तीवाचून हिंदुस्थान तो कसला, असे त्या कादंबरीकाराला वाटले असावे!

आपला नागपूरचा मार्ग सावकाश घडला. मुंबईहून निघालेली गाडी १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली आणि तेथेच थांबली. पुढे छत्तीसगडातील धान्य बाहेर काढण्यासाठी राजनांदगावपर्यंत मीटर गेजचा फाटा टाकण्यात आला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला, १८९१ मध्ये आसनसोल गाठले आणि १९०० मध्ये खरगपूरवरून हावडा जोडला.

पण रुळांच्या कितीतरी आधी ही वाट मराठी पायांना ठाऊक होती. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये याच दिशेने बंगालवर चालून गेले. १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने त्यांना भेटीस बोलावून ठार मारविले. १७५१ च्या तहाने ओरिसा नागपूरकरांकडे आला आणि बंगालच्या चौथाईपोटी वर्षाला बारा लाख रुपये ठरले. १८०३ च्या देवगावच्या तहात कटक हातचे गेले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत हा पराक्रम आहे. बंगाली आया मात्र मुलांना निजविताना ‘बर्गी’ आल्याचे भय घालीत. दोन्ही गोष्टी एकाच वाटेवरच्या आहेत आणि पूर्वेकडे जाणाऱ्या मराठी माणसाने दोन्ही माहीत करून घ्याव्यात. याच बंगालात पुढे सखाराम गणेश देऊस्कर या मराठी वंशाच्या लेखकाने ‘देशेर कथा’ हा ग्रंथ बंगाली भाषेत लिहिला. १९०४ चा तो ग्रंथ इंग्रज सरकारला इतका बोचला की १९१० मध्ये त्यावर बंदी आली. ज्यांच्या स्वारीचे भय होते, त्यांच्याच एका वंशजाने बंगाली वाचकाला स्वदेशाची लुबाडणूक समजावून सांगितली.

या प्रवासात मी लक्ष ठेवतो ते पाण्यावर. कसाऱ्याचा घाट चढताना गाडीला मागून जादा इंजिने लावतात, कारण चढ सदतिसास एक आहे. घाटमाथा ओलांडला की पाणी पाठ फिरविते. त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी पश्चिम समुद्रापासून अवघ्या ऐंशी किलोमीटरवर जन्मते आणि १४६५ किलोमीटर चालून पूर्वसमुद्रास मिळते. जळगाव-भुसावळच्या केळीच्या प्रदेशात मात्र तापीचे खोरे लागते, आणि तेथील पाणी पुन्हा पश्चिमेकडे, सुरतेच्या दिशेने वाहते. वऱ्हाडची कपाशी संपता संपता, पुलगावजवळ वर्धा नदीवर, पाणी कायमचे पूर्वेचे होते. तुमसर रोड सोडल्यावर वैनगंगेचा पूल येतो. आमच्या जिल्ह्यातून गेलेली ही नदी वर्धेशी मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीतून समुद्राला जाते. आमचे पाणी समुद्र पाहते, मुलेच तेवढी राहून जातात.

वैनगंगेपासून भाताची खाचरे सुरू होतात आणि ती थेट बंगालपर्यंत सुटत नाहीत. दरेकसाचे डोंगर, डोंगरगडची बम्लेश्वरी, मग शिवनाथ नदी, भिलाईच्या भट्ट्या, रायपूर, बिलासपूर, हसदेवच्या काठचे चांपा, राउरकेला, टाटानगर. या गावांतून रेल्वे आणि कारखान्यांच्या नोकऱ्यांमुळे मराठी घरे वसली. अशा घरांतून लग्नकार्याला नागपूरकडे येणारी मंडळी पूर्वी याच गाड्यांनी येत. आता आजोबांची पिढी सरल्यावर ते येणे विरळ झाले आहे, आणि नातवंडांना स्टेशनांची नावे हिंदीतूनच ठाऊक असतात. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला, तेव्हापासून आमचीही गोष्ट फार निराळी नाही. शाळेत हिंदी, चुलीजवळ मराठी वा पोवारी.

२६ डिसेंबर १९७७ रोजी या मार्गावर गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. मधू दंडवते त्या वेळी रेल्वेमंत्री होते. या गाडीत आरंभी पहिला वर्गच नव्हता. सगळे प्रवासी एकाच दर्जाचे. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर स्पंजची गादी आली तीही त्यांच्याच कारकिर्दीत. ज्याने फळीवर रात्र काढली आहे त्याला या दोन इंच गादीचे मोल व्याख्यानावाचून कळते. पुढे या गाडीला वातानुकूलित डबे लागले आणि तो एकदर्जाचा प्रयोग इतिहासजमा झाला, याचे मला वाईट वाटते.

या गाडीची एकच तक्रार आहे. ती सकाळी मुंबई सोडते, त्यामुळे गोंदियाला येईतो रात्र होते. परतीच्या गाडीतही आमचा मुलूख पहाटेच्या अंधारात निघून जातो. दोन्ही समुद्रांकडचे प्रवासी देशाचा मध्य झोपेत ओलांडतात. ज्यांना तो पाहायचा असेल त्यांनी मुंबईहून रात्री सुटणारी मेल धरावी. ती दुपारच्या उन्हात वैनगंगा ओलांडते, पावसाळ्यात रोवणीच्या बाया खिडकीतून दिसतात, आणि संध्याकाळपर्यंत छत्तीसगड डोळ्यांसमोर राहतो. दुसऱ्या दिवशी पहाटे कोलाघाटाजवळ रूपनारायणाचे रुंद पात्र येते. हावडा हे नदीकाठचे गाव, समुद्र तेथे नाही. पूर्वसमुद्राला प्रत्यक्ष पाय लावायचे असतील तर गंगासागर किंवा दीघा गाठावे लागते. त्यासाठी आणखी एक दिवस हाताशी ठेवावा, आणि मुलांना बरोबर न्यावे.